प्रुइटच्या चुका

दुपारचे चार वाजले की एमिल कोलार रेडिओवरच्या खेळाच्या कार्यक्रमाला फोन लावायचा. १९८७ च्या त्या उन्हाळ्यात त्यानं एक दिवस चुकवला नाही. आमच्या शहरात सरोवरापासून पोलाद कारखान्यापर्यंत सगळे त्याचा आवाज ओळखायला लागले होते. कार्यक्रम चालवणारा बडी लास्को मुद्दाम त्याचा फोन शेवटी घ्यायचा.

"बोला एमिलसाहेब! आपल्या प्रुइटनं आज कुठल्या पेपरवाल्याचं घोडं मारलंय?"

"सगळ्यांचं मारलंय वाटतं," एमिल म्हणायचा. "न्यूयॉर्कचा तो डेलसांतो नुसता शिंकला तरी पहिल्या पानावर. आमचा माणूस भिंतीवर आपटून झेल घेतो, तर चार ओळी. त्याही टायरच्या जाहिरातीखाली."

"डेलसांतोचे तीस होमरन आहेत हो."

"आणि दात किती आहेत? टूथपेस्टच्या जाहिरातीत तेच दिसतात ना? वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडायचाय की दातांचा डॉक्टर?"

बडी खो खो हसायचा. शहर हसायचं. एमिल मात्र गंभीर असायचा. डेल प्रुइट अकरा वर्षं आपल्या शहराच्या बेसबॉल संघाचा तिसरा बेस सांभाळत होता. बोटांना पट्ट्या, वार्ताहरांशी एक शब्द नाही, आणि हातात बॅट आली की बघत राहावं. पण तो क्षेत्ररक्षणात चुका फार करतो, असं पेपरवाले लिहायचे. जूनअखेरपर्यंतच तेरा. एमिल म्हणायचा, साफ खोटं. त्याच्या घरच्या कार्डांत दोनच होत्या.

घरचं कार्ड म्हणजे त्याच्या बायकोनं, डोरीननं, भरलेलं स्कोअरकार्ड. एमिलनं एकतीस वर्षं शहराची बस चालवली, तीही संध्याकाळच्या पाळीला. सामने नेमके तेव्हाच. मग डोरीन रेडिओजवळ पेन्सिल घेऊन बसायची आणि प्रत्येक फलंदाजाचं काय झालं ते चौकटीत भरायची. बसमध्ये कोणी स्कोअर सांगायला लागला तर एमिल तोंडावर सांगायचा, "मी पास बघतो, स्कोअर नाही." घरी आल्यावर गरम केलेलं जेवण पुढे घेऊन तो कार्ड वाचायचा आणि पूर्ण सामना मनात खेळून घ्यायचा. घरी पेपर घेणं त्यानं कधीच बंद केलं होतं. प्रुइटची चूक झालेली असली की ताट सरकवायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत घरात कोणाशी बोलायचा नाही. घरात होतंच कोण? डोरीन.

एक जुलैला त्याची निवृत्ती होती. दोघांनी एकत्र ऐकायचं ठरवलं होतं. स्वयंपाकघरात दुसरी खुर्चीसुद्धा रेडिओपाशी आणून ठेवली होती. डोरीन वीस जूनला गेली. आजार हिवाळ्यापासूनच होता, पण अकरा दिवस कमी पडतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर कार्ड एमिलच भरू लागला. आणि जुलैत प्रुइटच्या हातून चेंडू सुटायला लागले. ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्येही सुटले. एमिलनं त्या सगळ्या चुका प्रामाणिकपणे लिहिल्या, एकूण बारा. पण त्याला राग आला नाही. प्रुइटलाही काहीतरी झालंय, असं त्याला वाटायचं. या माणसाचीही कोणी गेली असेल, तो कोणाला सांगत नसेल. रेडिओसमोर बसून तो पुटपुटायचा, "असू दे रे, डेल. माझंही तसंच चाललंय." त्या उन्हाळ्यात तो मनापासून बोलला तो एवढ्या एकाच माणसाशी, आणि त्या माणसाला त्याची गंधवार्ताही नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बडीच्या कार्यक्रमात दुसराच आवाज घुसला. गस मॅक्टिग, आपल्याच शहरातल्या पेपरात बेसबॉलवर लिहिणारा. पुरस्काराच्या अठ्ठावीस मतांतलं एक मत त्याचं.

"कोलार, चार महिने तुम्ही आम्हाला खोटारडे म्हणताय. आणा ती कार्डं. शुक्रवारी मी मत पाठवणार. तुमची कार्डं खरी निघाली तर माझं पहिलं मत प्रुइटला, आणि माझी चूक मी छापीन."

"अकरा चुका तुम्ही पदरच्या घातल्यात."

"मग घाबरताय कशाला?"

"घाबरतंय कोण?"

गुरुवारी सकाळी एमिलनं बुटांचा खोका स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकामा केला. डोरीनची कार्डं एका बाजूला, स्वतःची दुसऱ्या. तिची पेन्सिल फिकट झाली होती. शेवटच्या महिन्यांत तिचा हातही हलका पडत असे. गसला नीट वाचता यावं म्हणून एमिल शाईच्या पेनानं तिची अक्षरं गिरवायला बसला. तिच्या गोलाईवरून पेन फिरवताना त्याला बरं वाटत होतं. तीन महिन्यांत तो तिच्या इतका जवळ आला नव्हता.

चौदा एप्रिलच्या कार्डावर पाचवा डाव. तिथे डोरीननं हिट, म्हणजे फलंदाजाचा यशस्वी फटका, लिहिलं होतं. पेनाचं टोक मध्येच खचकन आत गेलं आणि वाकड्या रेघेत धावलं.

एमिलनं कार्ड खिडकीशी धरलं. सकाळचं ऊन तिरपं येत होतं. हिटच्या खाली कागदात खोलवर दाबलेली दुसरी खूण होती, खोडरबरानं पुसलेली: ई-५. ई म्हणजे चूक, पाच म्हणजे तिसऱ्या बेसवरचा खेळाडू. प्रुइट.

मग त्यानं एकेक कार्ड उजेडात धरलं. अकरा ठिकाणी ती खूण सापडली. दुसऱ्या कोणाच्याही चुकीला तिनं हात लावला नव्हता. गड्यांच्या नऊ जागांपैकी एकाच जागेवर खोडरबर फिरलं होतं. ऐकताना ती खरं तेच लिहायची, आणि नंतर, बहुधा त्याची गाडी गल्लीत वळल्याचा आवाज आला की, घाईघाईनं बदलायची. एका कार्डावर घाईत कागद फाटला होता. त्या रात्री त्यानं विचारलं होतं, हे काय झालं? "पेन्सिल बोथट आहे," ती म्हणाली होती. त्यानं दुसऱ्या दिवशी नव्या पेन्सिली आणून दिल्या होत्या.

तिला हे का करावं लागलं, हे वेगळं सांगायला कोणी नको होतं. अंगात ताप, पोटात अन्न ठरत नाही, आणि कामावरून आलेला नवरा उरलेली रात्र ताट सरकवून भिंतीकडे बघत बसणार. थोड्याच रात्री उरल्या होत्या. त्या तिला बोलण्यात घालवायच्या होत्या. एमिलला इतकी लाज वाटली की तो टेबलावरून उठला आणि दुपारपर्यंत अंगणात उभा राहिला. त्या दिवशी चार वाजता त्यानं फोन केला नाही.

शुक्रवारी तो स्टेडियमसमोरच्या खाणावळीत गसला भेटला. गसनं अधिकृत नोंदींची फाइल उघडून ठेवली होती, बाजूला अर्धा खाल्लेला हॅम सँडविच. एमिलनं गठ्ठा पुढे केला.

गसनं वरची-खालची कार्डं चाळली. "ही तर जुलैपासूनची. आधीची कुठायत?"

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"आणली नाहीत. तुमचा आकडा बरोबर आहे. तेरा."

गसनं गठ्ठा टेबलावर आपटला. चिडला होता, हे नक्की. "म्हणजे चार महिने रेडिओवर आमची अब्रू काढलीत ती उगाच?"

"हो. मीच लिहिलं चुकीचं."

"कोलार, तुम्ही तेव्हा बस चालवत होता. कार्ड कोण लिहायचं?"

"मीच म्हटलं ना," एमिल म्हणाला. आवाज चढला तसा त्यानं खाली आणला. "माझ्या घरातली चूक माझी."

गसनं मान हलवली. त्याचं लक्ष एमिलच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. कोटाच्या फुगलेल्या खिशावर तो हात घट्ट दाबलेला होता; एका कार्डाचा कोपरा बाहेर डोकावत होता. त्यानं पुढे विचारलं नाही. "प्रुइटला मी चौथा टाकला होता. चौथाच राहील."

"राहू दे." एमिल उठायला लागला, मग परत बसला. "एक विचारू? जूननंतर त्याचं काय बिनसलं? घरचं काही?"

"कोणाचं?"

"प्रुइटचं. जुलैपासून चेंडू सुटायला लागले त्याच्या हातून."

गसनं फाइल त्याच्याकडे वळवली. "कुठे? आधी तेरा, नंतर बारा. गेल्या वर्षीही तेवढ्याच. त्याच्या आदल्या वर्षीही. परवा मुलाला घेऊन मासे पकडायला गेला होता, मजेत आहे. त्याला काय होणार?"

एमिलनं आकडे वाचले. बोट ठेवून पुन्हा वाचले. आपल्याबरोबर त्या उन्हाळ्यात कोणीच नव्हतं, हे त्याला तिथे, मोहरीच्या बाटलीसमोर बसून कळलं.

चार वाजता त्यानं फोन लावला.

"पेपर बरोबर होता," तो म्हणाला. "चूक आमच्या घरात होती."

बडीला हे घबाडच सापडलं. "म्हणजे एमिलसाहेब, पक्षपात पक्षपात करून आमचे कान किटवलेत, आणि सगळ्यात पक्षपाती पेपर तुमच्याच घरात निघत होता!"

"हो," एमिल म्हणाला. "त्याचा वाचक एकच होता."

बडी एरवी शेवटचा शब्द कधी सोडत नसे. या वेळी त्यानं जाहिरात लावली.

रविवारी मोसमाचा शेवटचा सामना झाला. एमिल रेडिओपाशी बसला, शेजारची खुर्ची तशीच. आठव्या डावात सरपटत आलेला साधा चेंडू प्रुइटच्या पायांमधून मागे गेला. निवेदकानं सुस्कारा सोडला. एमिलनं चौकटीत ई-५ लिहिलं. मग डोरीनचं खोडरबर उचललं, एका बाजूनं झिजलेलं, आणि गल्लीकडे कान देऊन थांबला.

गल्लीत गाडी वळली नाही. त्यानं खोडरबर जागेवर ठेवलं आणि पुढच्या फलंदाजाची चौकट भरायला घेतली.