माहेरच्या नावावरचा नकार

मी ठसे घेणारी काच बोलतेय. परदेशात जास्त दिवस राहायला निघालेल्यांचे अर्ज जिथे घेतात, त्या कचेरीत अगदी शेवटच्या खिडकीपाशी माझी जागा. आकाराने तळहाताएवढी आहे, पण माझ्यावर बोटं टेकवल्याशिवाय इथून कोणाचा अर्ज पुढे सरकत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या माणसांनी हातमोजे घातले होते, त्यामुळे ज्यांनी मला घडवलं त्यांचीच बोटं मला ठाऊक नाहीत. त्यानंतर मात्र जो आला त्याचं बोट पाहिलं, आणि पाहिलेलं कधी विसरले नाही. विसरभोळ्या माणसाची लोक थट्टा करतात. काहीच न विसरणं काय असतं ते मला विचारा.

माणसं इथे नटूनथटून येतात. फोटोसाठी केस दहा वेळा विंचरतात, बोटांकडे मात्र कोणी बघत नाही. अहो, आधीचे काही दिवस हातांना मलम चोळा, बोट कापलं असेल तर जखम भरू द्या आणि मग या. एक आचारी अंगठ्याला पट्टी बांधून आला आणि तसाच परत गेला. वर बहाद्दर नोकरीचा राजीनामा देऊन बसला होता! व्हिसा हातात पडायच्या आत नोकरी सोडू नये, घर रिकामं करू नये, तिकीट काढू नये, पासपोर्टची मुदत मुक्कामाहून जास्त आहे का ते बघावं, हे तर इथल्या भिंतीसुद्धा सांगतील. पण प्रत्येकाला वाटतं, आपलं होणारच.

तरी हे सगळं निस्तरता येतं. आज जे झालं ते निस्तरायला फार थोडा वेळ उरलाय, म्हणून माझ्या जिवाची घालमेल चाललीय.

ती थोरल्या भावाबरोबर आली. ती दातांच्या कवळ्या बनवते. कवळ्या घासून घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पार पुसट झाल्यात. तिला पाचवा महिना लागलाय. नवरा परदेशात बेकरीत कामाला आहे आणि बाळंतपण त्याच्याजवळ व्हावं एवढीच तिची इच्छा. दिवस भरत आले की विमानात घेत नाहीत. म्हणजे हा अर्ज फेटाळला गेला, तर बाळ इकडे आणि बाप तिकडे.

समोरच्या बाकावर बसून दोघं हळू आवाजात बोलत होती. त्यातून मला कळलं ते असं. लग्नाआधी तिने परदेशी काम शिकायला जायचा अर्ज केला होता. भावाने सगळे कागद एका एजंटाच्या हवाली केले आणि त्याने, तिने जिथे कधी पाऊलही ठेवलं नव्हतं अशा जागचा अनुभवाचा दाखला परस्पर जोडून दिला. ते उघडकीला आलं आणि अर्ज फेटाळला गेला. आजच्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, याआधी कधी नकार मिळालाय का. त्यापुढे तिने ‘नाही’ लिहिलं होतं.

"दादा, ते फोनवर म्हणाले, जे झालं ते लिहून टाक. एजंटाने काय केलं तेही लिही."

"दाजींना तिकडे बसून बोलायला काय जातंय? तो नकार तुझ्या माहेरच्या नावावर आहे. आता आडनाव नवं, पासपोर्ट नवा. कोणाला पत्ता लागणार?"

भाऊ वाईट नव्हता. तिच्या पाठीला टेकायला त्याने घरून उशी आणली होती. पण आपल्यामुळे बहिणीचं नुकसान झालं, हे कागदावर लिहिलेलं त्याला बघवणार नव्हतं.

नंबर लागला. तिने बोटं ठेवली आणि मला घाम फुटायचा बाकी राहिला. उजव्या तर्जनीवर करवतीच्या जुन्या जखमेची तिरकी खूण. ही बोटं माझ्यावर येऊन गेली होती! मी लाल दिवा लावला. रेषा पुसट होत्या हे खरं, पण खरं सांगू, मला ती बोटं घ्यायचीच नव्हती. खिडकीतल्या बाईंनी तिला मलम दिलं. पुन्हा लाल. बाई कंटाळून म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या. तोवर फॉर्म एकदा बघून घ्या. काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा. संध्याकाळी तिकडे जाणारी अर्जांची थैली बंद झाली की आमच्या हातात काही नाही."

तिने भावाकडे पाहिलं. भाऊ उशीचा अभ्रा नीट करत बसला.

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. तिची बोटं गार पडली होती. त्यांच्यावर तिने जोर दिला, आणि माझा इलाज चालेना.

"दादा, हिरवा लागला!" ती किती दिवसांनी मोकळी हसली असेल कोण जाणे.

हिरवा दिवा म्हणजे होकार नव्हे हो. त्याचा अर्थ इतकाच की, मी पाहिलं. ठसे पुढे गेलेसुद्धा. उद्या तिकडचा अधिकारी ते उघडेल, आणि जुन्या आडनावाचं बोट नव्या आडनावाच्या बोटाशेजारी येऊन बसेल. बोटांना माहेर-सासर नसतं. पहिला नकार सांगितला असता तर त्यांनी विचार केला असता. लपवलेला सापडला, की दार बंद, आणि ते कधी उघडेल याचा भरवसा नाही.

आता माझ्यासमोर तुम्ही बसलाय. बोट पुढे करू नका, आधी ऐका. तिचा फॉर्म अजून बाईंच्या टेबलावर आहे. थैली बंद झालेली नाही. ती अवघडलेली बाई, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत असेल, फार लांब गेली नसेल. मला ना हाक मारता येत, ना उठून जाता येत. तुम्ही जा आणि तिला परत घेऊन या. तुमचे ठसे मागाहून घेतले तरी चालतील.