फोन लागला नाही

“यात काहीच दोष निघाला नाही, आई.” काउंटरमागच्या सिनाझोनं फोन पुसून तिच्यापुढे ठेवला. “दहा दिवस तपासला आमच्या माणसांनी. कागदावर लिहिलंय बघा.”

“तुमच्याकडे शहाण्यासारखा वागला असेल,” नोझिबेले म्हणाली. “माझ्याकडे नाही वागत. सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि फोन म्हणून येत नाही. बहीण चार-चारदा लावते. तिला सांगतात, संपर्क होऊ शकत नाही. आणि हा इकडे टेबलावर मख्ख. मग दुपारी कधीतरी जागा होतो आणि सगळे निरोप एकदम ओकतो.”

“आतला भाग बदलून बघता येईल. पण वॉरंटी बारा महिन्यांची असते. तुमचा चौदावा चालू आहे, म्हणजे खर्च तुमचा.”

“आणि हप्ते?”

“ते छत्तीस महिने. करारच तसा आहे ना, आई.”

मुलगी उद्धट नव्हती. उलट तिनं खुर्ची आणून दिली होती, कारण नोझिबेलेला फार वेळ उभं राहवत नव्हतं.

नोझिबेले द्याकोपू शेचाळीस वर्षांची होती. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन शहरातल्या एका दुकानात ती गेली सतरा वर्षं शाळेचे गणवेश शिवत होती. शेजारच्या म्दान्त्साने वस्तीतल्या निम्म्या पोरांच्या कॉलरी तिच्या हातच्या. चार वर्षांपूर्वी तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसायचं आणि उरलेल्या दिवशी शिवणयंत्रावर, असं चाललं होतं.

तीन तासांवरच्या गेबेर्हा शहरातल्या मोठ्या रुग्णालयानं मूत्रपिंडासाठी तिचं नाव यादीत घातलं, तेव्हा तिथल्या सिस्टर फान वेक यांनी तिला बजावलं होतं, “फोन सतत जवळ, सतत चालू. मूत्रपिंड कधी मिळेल ते देवालाही माहीत नसतं. मिळालं की आम्ही फोन करतो. तासाभरात उत्तर आलं नाही, तर पुढच्या माणसाला करतो. आमचा नाइलाज असतो.” दुसरा नंबर म्हणून तिनं बहिणीचा दिला होता.

म्हणून तर तिनं हा फोन घेतला होता. तिच्या जुन्या फोनची बॅटरी कधीही मान टाकायची. तो दुकानानं बदल्यात घेतला आणि हा करारावर दिला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एवढी महागडी वस्तू स्वतःसाठी घेतली होती. सही करताना तिला लाज वाटली होती.

फोनच्या दुकानातून ती तडक ग्राहक संरक्षणाच्या कार्यालयात गेली. तिथले मिस्टर नायकर चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत राहिले.

“कायदा म्हणतो, सहा महिन्यांत वस्तू बिघडली तर दुरुस्त करून द्या, बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. तुमचे सहा महिने कधीच उलटले.”

“म्हणजे संपलं?”

“संपलं असं नाही. कायद्यात असंही आहे की वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे. आता वाजवी म्हणजे किती, त्यावरच तर भांडणं होतात.”

नोझिबेलेनं थोडा विचार केला. “छत्तीस महिने माझ्याकडून पैसे घेणार ते. मग त्यांच्याच हिशेबानं वाजवी म्हणजे छत्तीस महिने झाले की नाही?”

नायकरांनी चष्मा नाकावर आणला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. “वकील का नाही झालात, सिसी?” बहिणीला हाक मारावी तसं ते म्हणाले. “हेच लिहा. अगदी याच शब्दांत.”

तिनं तिथंच बसून, गणवेशाची मापं लिहिते तशा गोल अक्षरात दोन पानं लिहिली. मूत्रपिंडाचंही लिहिलं, मग ते खोडलं. दयेची भीक मागितल्यासारखं वाटत होतं. नायकरांनी खोडलेल्या ओळी वाचल्या. “हे राहू द्या की.”

“नको. फोन बिघडलाय, एवढंच खरं आहे. मी बिघडलेय, त्यात त्यांचा काय दोष?”

उत्तराला कामाचे तीस दिवस लागतील असं नायकरांनी सांगितलं. दरम्यान महिनाअखेरीस एक साधा बटणांचा फोन घ्यायचा, तिनं ठरवलं. पण त्याआधीच सिनाझोनं तिला बोलावून घेतलं. “इकडे द्या, आई. मी सगळं पुसून नव्यानं भरते. कुणाला सांगू नका, पैसेही देऊ नका.” आणि काय आश्चर्य, फोन सुधारला. बहिणीनं सकाळी लावला, लागला. संध्याकाळी लावला, लागला. नऊ दिवस फोन गुणी बाळासारखा वाजत राहिला. बटणांच्या फोनचे पैसे नोझिबेलेनं शिवणयंत्राच्या मोटरीला घातले.

दहाव्या दिवशी शनिवार होता. सकाळी तिनं मक्याची लापशी शिजवली, दोन सदऱ्यांची काजं केली. फोन समोरच होता, काड्या पूर्ण. तिनं दोनदा पडदा उजळून बघितलाही. अकराच्या सुमाराला तो एकदम थरथरला आणि टेबलावर सरकत गेला. निरोपांमागून निरोप. सहा वाजून दहा मिनिटं, गेबेर्हा. सहा पंचवीस, गेबेर्हा. सहा पन्नास. सात पाच.

तिनं फोन लावला. आता तो एका झटक्यात लागला.

“नोझिबेले, अगं कुठं होतीस?” सिस्टर फान वेक यांचा आवाज थकलेला होता. “तुझ्या बहिणीलाही लावला.”

“ती कोफिम्वाबाला गेलीय, मयताला. डोंगरात आहे.” बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की ती भलतंच समजावत बसली आहे. “सिस्टर, मी आत्ता निघते. शेजाऱ्यांची गाडी आहे. तीन तासांत—”

सिस्टरनी तिला मध्येच थांबवलं.

“दुसऱ्या पेशंटला आत घेतलंय, बाळ. साडेदहालाच.”

नोझिबेलेनं “बरं” म्हटलं. मग “थँक यू, सिस्टर” असंही म्हटलं, कारण फोन ठेवण्याआधी तेच म्हणायची तिला सवय होती. ती पुन्हा यंत्रावर बसली आणि उरलेली काजं पूर्ण केली. संध्याकाळी बहीण आली आणि दारातच छाती पिटून रडायला लागली. कंपनीला शिव्या दिल्या, डोंगराला दिल्या, मेलेल्या चुलत्यालाही दिल्या. “रडत का नाहीस गं तू? दगड झालीस का?”

“मी मोटर घेतली,” नोझिबेले म्हणाली. “मी फोन घ्यायला हवा होता. मोटर घेतली.”

ती एवढंच बोलली. त्या दिवशी आणि नंतरही.

कंपनीचं उत्तर तेविसाव्या दिवशी आलं. चूक कुठंच मान्य केली नव्हती. पण ‘सद्भावनेपोटी’ त्याच जातीचा नवा फोन मिळणार होता. नायकरांनी स्वतः फोन करून कळवलं. “जिंकलात, सिसी! हजारांत एखादा जिंकतो!” त्यांच्या आवाजातला आनंद इतका खरा होता की तिला त्यांना काही सांगवलं नाही.

दुकानात सिनाझोनं नवा डबा आणि एक कागद पुढे केला. ‘माझ्या तक्रारीचं पूर्ण समाधान झालं असून माझी आता कोणतीही मागणी उरलेली नाही.’

“याच्याऐवजी दुसरा कागद नाही का? नुसता फोन मिळाला, एवढंच लिहिलेला?”

“हाच एक आहे, आई. सही नसेल तर डबा देता येत नाही मला.” मग हळूच, “काही झालंय का?”

“नाही गं. कुठं करू सही?”

हप्त्याचे अजून एकवीस महिने बाकी होते. तिनं सही केली, तारीख घातली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

तीन महिन्यांनी एका बुधवारी डायलिसिसच्या खोलीत म्झुकिसी आला. तो गणिताचा शिक्षक, अजून चाळिशीही न गाठलेला. पूर्वी तिच्याच पाळीत बसायचा. दोघांचा रक्तगट एकच, त्यामुळे आधी कुणाचा नंबर लागतो यावरून ते एकमेकांची थट्टा करायचे. आता त्याला नवं मूत्रपिंड बसवलं होतं. तोंडाला मास्क होता, पण डोळ्यांत तेज आलं होतं आणि पावलं सुजलेली नव्हती. खुर्च्यांवरच्या आठही जणांनी टाळ्या वाजवल्या. एक हात नळ्यांनी अडकलेला, म्हणून मोकळ्या हातानं मांडीवर.

तो सगळ्यांना भेटत भेटत नोझिबेलेच्या खुर्चीशी आला.

“मला तर त्या सकाळी खरंच वाटेना, सिसी. यादीत माझ्या आधी कुणीतरी होतं म्हणे. त्या माणसाला फोनच लागला नाही.” त्याचा आवाज खाली गेला. “कधीकधी विचार येतो, कोण असेल बिचारा.”

नोझिबेलेनं त्याच्याकडे पाहिलं. यंत्राचं चाक गरगरत तिचं रक्त बाहेर नेत होतं, धुऊन आत आणत होतं.

“तो विचार कशाला करतोस?” ती म्हणाली. “पाणी किती पितोस ते सांग.”

खोली एकदम लक्ष देऊन ऐकू लागली. इथल्या प्रत्येकाला दिवसाला दोन-तीन कप पाणी मोजून मिळायचं. त्यावर एक घोट जास्त झाला तर रात्र श्वासाशी झुंजण्यात जायची.

“तीन लिटर,” म्झुकिसी ओशाळून म्हणाला. “कमी पडलं तर डॉक्टर ओरडतात.”

“पी बघू एक ग्लास. इथं, आमच्यासमोर.”

“नको, सिसी. तुमच्यासमोर कसं—”

“पी म्हणते ना.”

नर्सनं ग्लास काठोकाठ भरून आणला. त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला. अर्ध्यावर येऊन तो थांबला, त्याचे डोळे भरून आले होते. आठ खुर्च्यांमधून कुणी हललं नाही.

“सगळं,” नोझिबेले म्हणाली. “संपव.”