कोपऱ्यातली वाटी

साधनाताईंनी प्रयोगाची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. तिच्यातल्या इवल्या वाट्यांपैकी निरोगी उंदरांच्या पेशींची ओळ निळी झाली होती. बगरूच्या रंगाऱ्यांकडे ओल्या कापडाला हवा लागताच नीळ चढावी, तशी. विषाणूने पोखरलेल्या उंदरांची ओळ कोरी होती. औषध दिलेल्यांचीही कोरीच.

“मतलब, टी-पेशी जिवंत आहेत, पण सायटोकाइन सोडतच नाहीत,” मिताली म्हणाली. ती त्यांची शेवटची विद्यार्थिनी. “मॅडम, उरलेल्या आजारी उंदरांना डोस वाढवून बघू?”

“म्हणजे तेही मारायचे.”

“पेशींसाठी प्लीहा काढायची तर दुसरं काय? ते स्वतःहून थोडेच आणून देणार आहेत!”

साधनाताई हसल्या नाहीत. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या. विषाणूविरुद्ध सायटोकाइनची हाक देणं विसरलेल्या त्या मुक्या पेशींना ती पुन्हा द्यायला लावायचं, एवढ्यासाठी उभा जन्म गेला होता.

बनी पार्कजवळच्या रेल्वे क्वार्टरात झालेला आजीचा दहावा त्यांना आठवला. पिंडाला कावळा शिवेना. बाबांनी काशी कबूल केली, काकांनी दारू सोडली. कावळा आपला फांदीवर, मान तिरकी करून एका डोळ्याने बघत. शेवटी आई पुटपुटली, “तुमच्या मांजरीला हाकलणार नाही हो, सासूबाई.” तसा तो खाली उतरला.

साधनाताई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, “उरलेल्यांना हात लावणार नाही.”

औषधाची ओळ निळी होऊ लागली.

“मॅडम!” मितालीने त्यांचा दंड धरला. मग तिची पकड सैल झाली. “पण ही कोपऱ्यातली बघा ना.”

त्या वाटीत उंदराचं काहीच घातलेलं नव्हतं. पडताळ्यासाठी ती नेहमी रिकामी ठेवत, आणि ती कोरीच राही. आज ती सगळ्यांत गडद निळी होती.

“ब्लँकच निळी, म्हणजे प्लेट बाद. कोणी मानणार नाही. पुन्हा करावं लागेल, मॅडम. उंदीर आहेतच.”

“नाहीत.”

“तुमचं आयुष्यभराचं काम आहे हे!”

साधनाताईंनी प्लेट हलकेच खाली ठेवली.

“आज त्यांचं पाणी मी भरते,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पिंजऱ्यांच्या खोलीचं दार लोटलं. एरवी भुशात गोळा होऊन पडलेले उंदीर आज जाळीशी उभे होते. सगळेच्या सगळे, मान तिरकी करून, एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत.