शनिवारची मावशी

तिने मुलीच्या वेणीचं रबर ओढून काढलं आणि पेड सोडवायला घेतले.

“कुणी घातली ही?”

“मावशींनी.”

वेणी घट्ट होती, भांगही सरळ होता. दिवसभर पार्लरमध्ये परक्या बायकांच्या केसांतून बोटं फिरवणाऱ्या आईला त्यात खोट सापडेना. केसांत थोडा लाकडाचा भुसा तेवढा अडकला होता. तिने तो झटकला, केस विंचरले आणि पुन्हा वेणी घातली. अगदी तशीच, फक्त स्वतःच्या हाताने.

“भुसा कसला हा?”

मुलीने खांदे उडवले.

पूर्वी ही मुलगी इतकी बोलायची की वडिलांनी तिचं नाव टकळी ठेवलं होतं. कामावरून परतताना ते अपघातात गेले आणि टकळी गप्प झाली. हो, नाही, नको, एवढ्यावर घर चालू लागलं. शाळेतल्या बाईंनी सुचवलं म्हणून आई स्वतःहून वस्तीतल्या मुलांच्या केंद्रावर गेली. तिथे एकेका मुलाची एकेका मोठ्या माणसाशी गाठ घालून देत. शनिवारची दुपार दोघांनी एकत्र घालवायची, बाकी काही अट नाही. टकळीच्या वाट्याला आलेल्या बाई इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, पिकल्या केसांच्या, मागच्या पडवीत हौसेने सुतारकाम करणाऱ्या. “मावशी म्हण हं त्यांना,” केंद्रातल्या ताईंनी टकळीला सांगितलं. आईला बहीण नव्हती. ही आयतीच मिळाली.

सुरुवातीला तिने मनापासून आभार मानले. मग एकदा ती टकळीला आणायला जरा लवकर पोचली आणि मावशींच्या कुंपणाशीच थबकली.

“मावशी, तुम्ही उलटा रंधा मारताय. असा नाही, असा. बघा, माझी सालपटाची गुंडाळी किती लांब निघाली.”

मग हसणं. तिने ते हसणं किती दिवसांत ऐकलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, आणि घटकाभर झालाही. नंतर मात्र तिने फाटकाची कडी नको इतक्या जोरात वाजवली. घरी आल्यावर तिने साधंसं विचारावं तसं विचारलं, “आज काय केलंत?”

“काही नाही.”

पार्लरमध्ये एका नेहमीच्या बाईंचे केस कापताना तिच्या तोंडून हे सगळं निघून गेलं. बाई आरशात हसल्या.

“अगं, माय मरो पण मावशी जगो, असं उगाच का म्हणतात?”

तीही हसली. कात्री मात्र ठरल्यापेक्षा बोटभर वर चालली. बाईंना पत्ताही लागला नाही.

पुढच्या शनिवारी तिने पार्लरमधून लवकर सुट्टी घेतली. आज सांगून टाकायचं. अभ्यास वाढलाय, दर शनिवारी जमणार नाही. काय बोलायचं ते वाटभर घोळवत ती मावशींच्या घरी पोचली, तर दारापुढच्या पायरीवर तिशीची एक बाई बसली होती. शेजारी प्रवासाची बॅग, पायांत चपला तशाच. आतून हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

“बेल वाजवली, पण ऐकू गेली नसेल,” ती म्हणाली. मग नीट बघून विचारलं, “तुम्ही त्या मुलीच्या आई का?”

“हो.”

“मी यांची मुलगी. खरी.” तो शेवटचा शब्द तिलाच खटकला असावा. ती सरकली आणि पायरीवर जागा केली.

टकळीची आई बसली. आत ठोके चालूच होते.

“मला कधी पटाशीला हात लावू दिला नाही हिने,” मावशींची मुलगी म्हणाली. “बोट कापशील म्हणायची. तेव्हा प्रयोगशाळेतून दमून यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. आता फोन केला की तुमच्याच मुलीचं. आज ती असं म्हणाली, आज ती तसं म्हणाली.”

काय म्हणाली, हे विचारणं टकळीच्या आईच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं.

“राग मानू नका, पण दर शनिवारी यायलाच हवं का तिने? मलाही शनिवारचीच सुट्टी असते.”

वाटभर टकळीची आईही हेच तर घोळवत आली होती.

“हो,” ती म्हणाली. “यायलाच हवं.” स्वतःच्या आवाजाचं तिला नवल वाटलं. “घरी ती माझ्याशी बोलत नाही. इथे बोलते.”

मावशींच्या मुलीने मान खाली घातली. बॅगेचा पट्टा उगाच बोटाला गुंडाळला, सोडला. आत ठोके थांबले आणि दोन आवाज एकदम हसले. पायरीवरच्या दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

मग टकळीची आई उठली आणि घराला वळसा घालून पडवीत गेली.

“आज लवकर?” मावशींनी विचारलं.

“तुमची मुलगी आलीय. पुढे पायरीवर बसलीय.”

मावशींनी हातोडी खाली ठेवली. “कधीची?”

“बराच वेळ झाला असेल. आम्ही निघतो आज. पुढच्या शनिवारी पाठवते हिला.”

मावशी हातही न पुसता पुढच्या दाराकडे गेल्या.

टकळी घुश्श्यात पुढे चालत होती. कोपऱ्यावर ती गर्रकन वळली.

“का आणलंस मला? एकच पाय बसवायचा राहिला होता स्टुलाचा. सरस लावून झाला होता. आता तो तसाच सुकणार, मग सगळा खरवडून काढायचा, परत लावायचा. तुला काय, तुला काही माहीतच नसतं. तू विचारतेस आणि लगेच भांडी घासायला जातेस. बाबा असते तर थांबले असते. त्यांनी स्टुलाचा पाय पण धरून ठेवला असता. तू नेहमी घाईत. आणि वेणी कशाला सोडलीस त्या दिवशी? छान होती ती…”

घर डावीकडे होतं, कोपऱ्यावरून खिडकीसुद्धा दिसत होती. आई उजवीकडे वळली, बाजारावरून वळसा घालून जाणाऱ्या रस्त्याला लागली. टकळीच्या ते लक्षातही आलं नाही. ती बोलत बोलत शेजारून चालत राहिली.