हिरवं बटण

तीस वर्षं मी बस डेपोत टाइमकीपर होतो. गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. ड्रायव्हर लोक माझ्या माघारी मला काय म्हणायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि असल्या माणसाला मुलगी झाली ती जगातली सगळ्यात सावकाश!

मी तिला बाईसाहेब म्हणतो. वय अठ्ठावीस, ऑटिझम, तोंडाने एक शब्द नाही. बाविसाव्या वर्षी एका शिक्षिकेने तिला टॅबलेटवर टाइप करायला शिकवलं. चालतं ते एकच बोट, तेही मनासारखं वळत नाही. अक्षर सापडलं की बोट हवेत थांबतं, थरथरतं, मग खाली येतं. वाक्य पुरं झालं की ती हिरवं बटण दाबते आणि यंत्र ते मोठ्याने म्हणतं. त्या बटणाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा घरातला नियम. नियम तिचाच. तिचं पहिलं वाक्य होतं, "मध्ये बोलू नका."

ऑटिझमवरच्या संशोधनाला सरकारी पैसा कुठे द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीवर यंदा तिला घेतलं. अकरा डॉक्टर-प्रोफेसर आणि एक आमच्या बाईसाहेब. ते पत्र मी जिना झाडणाऱ्यालासुद्धा वाचून दाखवलं.

समितीपुढे प्रस्ताव दोन होते, मंजूर एकच व्हायचा होता. एकात आईच्या रक्तावरून पोटातल्या बाळाच्या ऑटिझमचं निदान करायचं. दुसऱ्यात बाईसाहेबांसारखे आठ जण मदतनिसांच्या सोबतीने एका घरात एकत्र राहणार, आणि त्यांना काय लागतं, काय जमतं याचा अभ्यास व्हायचा. त्या घरातली खिडकीजवळची खोली तिने पसंतही करून ठेवली होती. तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली, आणि माझं हृदय दोनदा कुरकुरलंय. हा प्रस्ताव पडला तर माझ्यामागे तिला सरकारी वसतिगृहच. ते आम्ही दोघं पाहून आलोय. तिथे टॅबलेट कपाटात कुलूप लावून ठेवतात, फुटू नयेत म्हणून.

बैठकीसाठी तिने दीड महिना खपून दोन पानं लिहिली. अध्यक्षांनी ती फाइलला लावली आणि म्हणाले, "हे वाचलं असं धरू." मग रक्ततपासणीवाल्या प्रोफेसरबाई बोलल्या. बाई वाईट नाहीत, बोलल्याही छान. "कुटुंबाला वेळेत निर्णय घेता येईल," म्हणाल्या. कसला निर्णय, हे कोणी विचारलं नाही. बाईसाहेब त्यांच्या समोरच बसल्या होत्या.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "यावर हिचं काय मत?"

"तिलाच विचारा की."

"बरं. तीन मिनिटं. सगळ्यांना तेवढीच असतात. पण उत्तर तिचं स्वतःचं हवं हं, तुमचं नको."

बोट निघालं. 'मी जन्माला आलेच नसते तर' इथवर येता येता दोन मिनिटं गेली. एक डॉक्टर मोबाइल बघायला लागले. 'बाबांना' झालं तेव्हा वीस सेकंद उरली होती. बोट हवेत थांबलं. माझ्या कानात डेपोची शिट्टी वाजायला लागली. पुढचं वाक्य मला स्वच्छ दिसत होतं. बाप आहे मी तिचा! मी हात पुढे केला, भराभर चार शब्द घातले आणि हिरवं बटण दाबलं.

"मी जन्माला आलेच नसते तर बाबांना जगणं सुनं वाटलं असतं," यंत्र म्हणालं.

बाईसाहेबांनी त्या बटणाकडे पाहिलं. मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसल्या.

"हे तुम्ही लिहिलंत," अध्यक्ष म्हणाले.

"शेवटचे चारच शब्द, साहेब."

"मग आधीचे तिचे होते कशावरून? आणि ती दोन पानं तरी कशावरून?"

"मी पाहिलं ना, ती स्वतःच..." प्रोफेसरबाई म्हणायला लागल्या. अध्यक्षांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

मी तिला विनवलं, "बाईसाहेब, एक शब्द लिहा. एकच." हात मांड्यांखालून निघाले नाहीत. मला स्वतःचीच किळस आली. दोन पानं फाइलमधून निघाली आणि रक्ततपासणीच्या बाजूने अकरा हात वर झाले.

आठवड्याने इतिवृत्त आलं. बाईसाहेबांच्या नावापुढे एवढंच होतं: 'सदस्याने मत नोंदवले नाही.'

त्या दिवशी दुपारी तिने बैठकीनंतर पहिल्यांदाच टॅबलेट जवळ ओढला. या वेळी मी माझे हात मांड्यांखाली घातले. बोट थांबलं, थरथरलं, खाली आलं. घड्याळाकडे बघायची खोड मेल्यावरच जाईल; अकरा मिनिटं लागली. तिने हिरवं बटण दाबलं.

"मी जन्माला आलेच नसते तर बाबांना काय वाटलं असतं, ते त्यांना विचारा. मी जन्माला आले आहे. आता मला विचारा."

ऐकायला खोलीत मी एकटा होतो. अख्ख्या बैठकीत याहून शहाणं कोणी बोललं नव्हतं, आणि ते मी तिच्या तोंडातून काढून घेतलं होतं.

"चुकलो, बाईसाहेब," मी म्हणालो. "आता काय करायचं?"

ती उठली. टॅबलेट कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली आणून माझ्या हातात दिली.