'सी'ला सलाम, 'ए'ला पाठ

मित्रांनो, आयुष्यभर मी पाठीच पाहत आले आहे. माणसांच्या आणि घोड्यांच्याही. मी एक जुनी लाकडी पाटी आहे. पांढऱ्या रंगावर काळं 'ए' हे इंग्रजी अक्षर, एवढंच माझं रूप. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या बाहेर, तांबड्या समुद्राकडून वारा येतो तिथे, घोडेस्वारीचा एक क्लब आहे. त्याच्या वाळूच्या रिंगणाच्या तोंडाशी मी आठ वर्षं उभी आहे.

माझा जन्म बंदरावरच्या एका खोक्यातून झाला. परदेशातून कसलंसं यंत्र आलं होतं, त्याचं ते खोकं. विजय नावाच्या चिपळूणच्या सुताराने त्याच्या एकाच फळीतून आम्हा आठ बहिणींना कापून काढलं: ए, के, ई, एच, सी, एम, बी आणि एफ. रंगही एकाच डब्यातला. विजयने सगळ्यांत आधी मला रंगवलं आणि म्हणाला, "हिच्यावर हात बसला. आता बाकीच्या भराभर होतील." हे मुद्दाम सांगते, कारण थोरलेपणाचा मान पुढे काही मला मिळाला नाही.

इथे ड्रेसाज चालतं. ड्रेसाज म्हणजे घोड्याची कवायत. कुठल्या अक्षरापाशी चालायचं, कुठे दुडक्या चालीने जायचं, कुठे वर्तुळ काढायचं हे कागदावर ठरलेलं असतं आणि परीक्षक प्रत्येक हालचालीला गुण देतात. स्वार माझ्या बाजूने आत येतो, मधोमध थांबतो आणि मान लववून समोर सलाम करतो. समोर कोण? माझी बहीण 'सी'. परीक्षकांचं टेबल तिच्या मागे असतं ना! तिला छत्री, तिला फुलांच्या कुंड्या, फोटोतही तीच. माझ्या वाट्याला घोड्यांच्या शेपट्या. आत शिरताना घोडे बिचकतात आणि बिचकले की लीद टाकतात, तीही माझ्या पायाशी. एका फळीतून निघालेल्या आम्ही, पण ती मानाच्या पाटावर आणि मी उंबऱ्याबाहेर! सलाम तिला नसून परीक्षकांना असतो, हे मला ठाऊक होतं. पण एकदा पोटात दुखायला लागलं की ठाऊक असलेल्या गोष्टींचा काही उपयोग होत नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

अशात रुमाना आली. मूळची रत्नागिरीची, इथल्या इस्पितळात नर्स, वय एक्केचाळीस. क्लबच्या प्रशिक्षक सहर यांचं मनगट मोडलं होतं, तेव्हा रुमानाने त्यांची देखभाल केली होती. बऱ्या झाल्यावर सहर म्हणाल्या, "आता तू ये, मी तुला शिकवते." तोवर रुमानाने घोडा जवळून पाहिला होता तो फक्त वरातीतला. पहिल्या दिवशी रीम नावाच्या तपकिरी घोडीवर ती एका बाजूने चढली आणि दुसऱ्या बाजूने उतरली, तेही न ठरवता.

पण मला ती आवडली. सरावाला आली की ती आधी तळहाताने माझ्यावरची धूळ पुसायची. "दरवाजाच दिसला नाय तर आत येऊ कशी?" असं माझ्याशी बोलायची. आठ वर्षांत मला कुणी प्रेमाने हात लावला नव्हता. मी सुखावून जायचे. आणि मग ती आत जाऊन 'सी'पुढे मान लववायची. हिनेसुद्धा! तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

फेब्रुवारीत क्लबमध्ये मान्यताप्राप्त स्पर्धा ठरली. ती नोंदणी केलेल्या सभासदांसाठी होती आणि रुमाना तर सभासद नव्हती. सहर यांनी तिला नियम समजावला. बिनसभासद नवशिक्याला एका दिवसाचं पाहुण्याचं तिकीट मिळतं, वर्षातून एकदाच, तेही सर्वांत सोप्या वर्गात. जिंकलं तरी बक्षिसाची रिबन नाही. मात्र परीक्षकांच्या सहीचं गुणपत्रक मिळतं.

"मला तेच पाहिजे," रुमाना म्हणाली. "वीस वर्षं पेशंटांचे कागद लिहितेय. माझ्या नावाचा, गुणांची बेरीज असलेला एक कागद मला घरी न्यायचाय."

घरी म्हणजे रत्नागिरीला. तिचा नवरा नौशाद बंदरात क्रेन चालवायचा आणि त्याचं काम एप्रिलमध्ये खलास होणार होतं. दोघं कायमची परत निघाली होती. म्हणजे पुढच्या वर्षीचं तिकीट नव्हतंच. जे व्हायचं ते याच दिवशी.

नवशिक्याला कवायत मोठ्याने वाचून दाखवायला एक माणूस चालतो. रुमानाने नौशादला उभं केलं. त्याचा आवाज चार जहाजं ओलांडून जाईल असा. सहर यांनी त्याला बजावलं, "कागदावर आहे तेवढंच वाचायचं. एक शब्द जास्तीचा बोललास तर ती बाहेरची मदत. मग रुमाना बाद."

"समजलं, मॅडम. खलास, विषय संपला!" नौशाद म्हणाला.

स्पर्धेच्या सकाळी वारा सुटला होता. रिंगण नव्याने मांडणाऱ्यांनी 'सी'चा खुंटा दोनदा ठोकला. माझा एकदाही नाही. मला नुसतं वाळूत खोचून गेले. मित्रांनो, खरं सांगते, तेव्हा मी चिडून मनात म्हणाले, एकदा तरी सगळ्यांनी 'सी'ला सोडून माझ्याकडे पाहू दे!

रुमाना आत गेली. थांबली, सलाम केला. अर्धी कवायत तर इतकी नीट झाली की सहर यांनी श्वास रोखून धरला होता. मग माझ्यापाशी वर्तुळ काढायची वेळ आली. रीम अगदी जवळ आली आणि वाऱ्याचा जोराचा झोत आला. मी धाडकन तोंडावर आपटले.

माझी इच्छा पुरी झाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझं तोंड वाळूत रुतलं होतं, त्यामुळे पुढचं मला फक्त ऐकू आलं. रीम खिंकाळली, तिचे खूर वेडेवाकडे पडले आणि नौशाद जिवाच्या आकांताने ओरडला, "अगो, टाच खाली! आयाळ धर तिची, आयाळ!"

रुमाना पडली नाही. पण परीक्षकांनी थांबायची घंटा वाजवली.

परीक्षक परदेशी बाई होत्या. त्यांनी विचारलं, "वाचणाऱ्यांनी आत्ता काय म्हटलं?" मराठी कळणारं त्या दोघांखेरीज तिथे कुणी नव्हतं. 'पुढची ओळ वाचली' एवढं सांगितलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. सांग गं बाई, तेवढंच सांग, असं मी वाळूत पडल्या पडल्या विनवत होते.

रुमाना इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, ते मला टाच खाली घे म्हणाले. ते कागदावर नाही."

ती बाद झाली. बाईंचा आवाज मात्र मऊ झाला होता. "कवायत पुरी करायची असेल तर कर," त्या म्हणाल्या. "गुण देता येणार नाहीत."

"करते," रुमाना म्हणाली.

तेवढ्यात दोन हातांनी मला उचललं. नौशाद होता. त्याने बाहीने माझं तोंड पुसलं आणि पुन्हा मला वाळूत खोचायच्या ऐवजी तो मला छातीशी धरून माझ्याच जागी उभा राहिला. वाचायचं आता काही नव्हतं. त्याने ओठ गच्च मिटले होते, पण त्याच्या काळजाची धडधड माझ्या लाकडाला लागत होती. रुमानाने उरलेली कवायत पाठ होती तशी केली. शेवटचं वळण आमच्यासमोर घेताना ती हसली. माझ्याकडे बघून नव्हे, नौशादकडे बघून. त्याचाही मला थोडा हेवा वाटला. मग तिने नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाठ करून 'सी'पुढे सलाम केला.

बाहेर आल्यावर नौशादचे डोळे भरले. "माझ्यामुळे गेलं तुझं."

"अहो, टाच वर गेलीच होती माझी," रुमाना म्हणाली. "पडले असते तर माझं प्लास्टर मलाच घालावं लागलं असतं. रडता काय!" पण बेरजेची जागा कोरी असलेला कागद हातात आला, तेव्हा ती रीमच्या मानेआड तोंड करून बराच वेळ उभी राहिली. ते मी पाहिलं. माझ्यापासून चार पावलांवर होती ती.

एप्रिलमध्ये दोघं गेली.

मित्रांनो, हेव्याने काही मागू नका. कधीकधी ते मिळतं आणि भोगावं लागतं भलत्यालाच. आणि दाराशी उभ्या असलेल्या साध्यासुध्या वस्तूंकडे जाता-येता लक्ष असू द्या. त्यांना कुंड्या नकोत, छत्री नको. 'सी'ला आजही सगळे सलाम करतात आणि मी आजही जळते, ते काही सुटलेलं नाही. पण वारा सुटला की आता मी एवढंच म्हणते: माझ्याकडे कुणी पाहू नका, फक्त मला घट्ट उभं करा. आत कुणीतरी पहिल्यांदाच आलेलं असतं.