पितळेचा सांधा

वेल्डरची जीभ त्याच्या हातांच्या नेहमी दोन पावलं पुढे असायची. त्या दिवशीही तेच झालं. सासूबाईंच्या घरात मायलेकांचं चाललं होतं, जावयाला कोणी काही विचारलेलं नव्हतं, आणि हा मधेच म्हणाला, "सायकल मी करून देतो."

बायकोने डोळे वटारले. पण बाण सुटला होता.

प्रकरण असं होतं. सासूबाईंनी तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं होतं. गल्लीतली माणसं अजूनही त्यांना टपालबाईच म्हणायची. निवृत्त झाल्या तेव्हा सायकल खात्यात जमा झाली आणि पाठोपाठ गुडघे गेले. आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं तर तीन ठिकाणी बसत बसत जावं लागायचं. दूरच्या शहरात राहणारा मेहुणा त्या आठवड्यात आला होता, आणि आई परक्याच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन बसलेली त्याने पाहिली. घरी येऊन त्याने सांगून टाकलं, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी टेम्पो आणतो, आईने आता आपल्याकडे राहायचं. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं.

"आणि माझा बाजार, माझा दवाखाना माझा मी केला तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर राहा खुशाल. पण करणार कसा, आई? तुला धड उभं राहवत नाही."

"डॉक्टर म्हणाले, गुडघ्यावर भार नको, फिरवायला हरकत नाही. सायकल चालेल म्हणाले."

"आणि दांड्यावरून पाय कसा टाकणार?"

दुकानातली बुटक्या दांड्याची नवी सायकल त्यांनी बसून पाहिली होती. "तिच्यावर बसलं की रस्त्याची माफी मागत चाललोय असं वाटतं," म्हणाल्या. त्यांना हवी होती जुन्या घडणीची, पाठ ताठ ठेवणारी, हँडल आपल्याकडे वळलेलं आणि पाय सहज आत जाईल असा खाली झुकलेला दांडा. तसल्या सायकली आता कोणी करत नव्हतं. लेक दोन गल्ल्या पलीकडे होती, लागेल ते आणून द्यायला तयारही होती, पण सासूबाईंना ते नको होतं. लेकीच्या दारात पिशवी धरून उभं राहण्यापेक्षा मुलाच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडून घेतलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हाच जावयाची जीभ घसरली.

"चार आठवडे आहेत, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण नजर त्याच्यावरून हलली नाही.

वेल्डरने वीस वर्षं गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या केल्या होत्या. त्याचं एकच शास्त्र होतं: मजबूत म्हणजे जड. त्याने केलेलं गेट उचलायला चार माणसं लागत, आणि हे तो लोकांना मोठ्या कौतुकाने सांगायचा. सायकल त्याने आयुष्यात केली नव्हती. पण लोखंड ते लोखंड, असा त्याचा हिशेब होता.

पहिला आठवडा भंगारात गेला. फ्रेम सापडली ती गंजलेल्या पाण्याच्या टाकीखाली. दांडा हवा तसाच झुकलेला होता, फक्त खालच्या सरळ नळीला पायडलजवळच्या सांध्यापाशी चीर गेली होती. हँडल एका दूधवाल्याच्या मोडक्या सायकलीचं. स्प्रिंगांची चामडी सीट एका अडगळीतून, उंदरांनी एक कोपरा खाल्लेली. रिमा दोन वेगवेगळ्या ढिगांतून आणि चाकांच्या मधले हब तिसऱ्याच ठिकाणाहून. सगळं पोत्यात भरून तो घरी आला तेव्हा बायको म्हणाली, "सायकल आणायला गेला होतात की तिचं श्राद्ध करायला?"

"चिरेचं काम एका ठिणगीचं आहे," तो म्हणाला. "आधी चाकं करू."

चाकांनी त्याला रडवलं. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस. सगळ्या बसवल्या, आवळल्या, आणि चाक फिरवलं तर ते दारू प्यायल्यासारखं झुलायला लागलं. एका बाजूची तार आवळली की दुसरीकडे पोट सुटायचं. तीन दिवस त्याने हा खेळ केला. शेवटी बायकोनेच आईला हाताला धरून वर्कशॉपमध्ये आणलं.

सासूबाई स्टुलावर बसल्या. सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा वाइसच्या जबड्यात उलटा पकडून त्यात चाक अडकवलेलं होतं. त्यांनी चाक पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. "खडू आहे?"

खडू दिला. त्यांनी तो चिमट्याला टेकवून रिमेच्या अगदी जवळ धरला आणि चाक हळूच फिरवलं. रिम जिथे बाहेर येत होती तिथे पांढरी रेघ उमटली. मग त्या बोटाने एकेक तार छेडत गेल्या. टिंग, टिंग, ठक. "ही झोपलीय." पाव फेरा आवळली. टिंग, टिंग, टीं. "हिच्यावर सगळ्यांचं ओझं आलंय." थोडी सैल केली.

"हे कुठे शिकलात, आई?"

"खात्यात मिस्त्री नव्हता. ज्याची सायकल, त्यानेच चाकाचा आउट, हा झोल, काढायचा."

तासभर त्यांचं तेच चाललं. वेल्डर शेजारी उकिडवा बसून बघत राहिला. सासूबाई म्हणजे तिखट जीभ आणि मऊ भाकरी, एवढीच त्याची ओळख होती. ही बाई त्याला नवीन होती. शेवटी त्यांनी चाकाला एक झटका दिला आणि हात मागे घेतला. खडू आणि रिम यांच्यात नखाएवढी फट होती, आणि ती सगळीकडे सारखी. चाक फिरतंय की थांबलंय तेच कळेना. वेल्डरने वाकून पाहिलं तेव्हा वारा गालाला लागला, म्हणून फिरतंय हे समजलं.

एक तार तो सहज दोन बोटांत वाकवू शकला असता. अशा बत्तीस तारांवर माणूस बसतो, हा विचार त्याला त्या दिवशी पहिल्यांदा आला, आणि रात्री जेवताना त्याने तो बायकोला दोनदा सांगितला.

मग चिरेची पाळी आली, आणि तिथे माशी शिंकली. गेटच्या पाइपवर चालवायचा तसाच त्याने हात चालवला. तोच करंट, तोच रॉड. काच डोळ्यांवरून वर केली तर चिरेच्या जागी अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. भोक भरायला गेला, तर ते आणखी मोठं झालं. रविवारला नऊ दिवस उरले होते.

वैतागून त्याने नळी मधोमध कापली. आणि कापलेल्या तोंडाकडे बघत तो तसाच उभा राहिला. लोखंड किती पातळ होतं! पत्र्याच्या डब्यापेक्षा जेमतेम जाड. पण नळीच्या आत डोकावलं तर सांध्याकडच्या टोकाला तेच लोखंड जाड होत गेलेलं. जिथे ताण, तिथे जाडी. बाकी कुठे कणभर जास्त नाही. कोणीतरी, कधीतरी, एवढा विचार करून ही नळी घडवली होती. त्या कोणालातरी हात जोडावेत असं त्याला वाटलं, आणि वीस वर्षं आपण किती लोखंड उगाच वाहिलं याची लाजही वाटली.

सासूबाईंना सांगावंच लागलं. तो मान खाली घालून उभा राहिला.

"दार करत होतात की सायकल?" त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "होईल ना हो?"

त्या असं विचारतील याची त्याला सवय नव्हती. त्याच्या मनाला चिमटा बसला.

"होईल," तो म्हणाला. या वेळी जिभेने घाई केली नव्हती.

त्याने भंगारातून तसलीच दुसरी एक मेलेली सायकल आणली, नळीसाठी. जुन्या फ्रेममध्ये सांध्यावर लोखंडाचं कवच असतं, नळी त्यात घुसवलेली असते, आणि दोघांमधली केसाएवढी फट पितळेने भरलेली. त्याने विजेचं मशीन बाजूला सारलं आणि गॅसची मंद ज्योत त्या दुसऱ्या सायकलीच्या सांध्यावर धरली. लोखंड तांबूस झालं, आणि आतलं कित्येक वर्षांचं पितळ जागं होऊन चमकायला लागलं. नळी अलगद सुटून आली, आणि मग आपल्या फ्रेममधले कापलेले तुकडेही तसेच. कवचाच्या आत सोनेरी अस्तर होतं, एवढ्या गंजात एक डाग नसलेलं.

सुटलेली नळी त्याने पॉलिश पेपरने आरशासारखी घासली, पितळ धरावं म्हणून टाकणखार लावला, आपल्या फ्रेमच्या कवचात बसवली. टाकाऊ नळ्यांच्या तुकड्यांवर चार दिवस हात बसवला होता, तरी आता त्याने सांधा दोनदा तपासून पाहिला. ज्योत पुढे-मागे, पुढे-मागे. लोखंडाचा रंग पिकल्या संत्र्याचा झाला तेव्हा त्याने पितळेची कांडी टेकवली. पितळ वितळलं आणि त्याने ढकललं नाही, काही नाही, ते आपल्या पायांनी आत गेलं. सांध्याच्या या बाजूला टेकवलेलं पितळ त्या बाजूच्या काठावर बारीक कड होऊन बाहेर डोकावलं. वेल्डरच्या अंगावर काटा आला. वीस वर्षं तो लोखंडाशी मारामारी करत होता. लोखंडाला विनंती करता येते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारी त्याने सायकलीला काळा रंग दिला. रविवारी सकाळी मेहुणा टेम्पो घेऊन हजर. घरात ट्रंक बांधून तयार होती. सासूबाई शब्दाच्या पक्क्या, सायकल जमली नाही तर मुकाट्याने जायचं हे त्यांनी मान्य केलं होतं.

मेहुण्याने सायकल चारी बाजूंनी पाहिली. "भाऊजी, ही भंगारातून केलीत?"

"हो."

"आणि आईला हिच्यावर बसवणार? मोडली तर?"

"मी काल दोन तास चालवलीय. माझं वजन त्यांच्या दुप्पट आहे." एवढं बोलला खरा, पण नजर पायडलजवळच्या सांध्याकडे गेली. त्या सांध्याच्या आत काय झालंय ते डोळ्यांनी बघायची सोय नव्हती.

सासूबाई दारातून आल्या. भिंतीला धरून, एक पाय ओढत, प्रत्येक पावलाला डावीकडे कलत. झुकलेल्या दांड्यावरून पाय टाकला, सीटवर टेकल्या, पिशवी हँडलला अडकवली. "दवाखान्यातून गोळ्या, बाजारातून भाजी," त्यांनी मुलाला सांगितलं. आणि जमिनीला एक रेटा दिला.

सायकल एकदा डुलली. मेहुणा पुढे धावला, पण धरायला काही उरलं नव्हतं. पाठ ताठ, मान वर, हात सैल, आणि दोन्ही गुडघे एका लयीत वर-खाली. डावीकडे कलणं नाही की पाय ओढणं नाही. लंगडणं जमिनीवरच राहून गेलं. गल्लीतून त्या अशा गेल्या की झाडू मारणारा माणूस झाडू धरून बघत राहिला.

पाऊण तास झाला. मेहुणा गल्लीच्या तोंडाशी येरझाऱ्या घालत होता. वेल्डरला प्रत्येक मिनिटाला सांधा तुटल्याचा आवाज ऐकू येत होता. "अहो, बसा जरा," बायको म्हणाली, आणि स्वतः उभीच राहिली.

मग वळणावर त्या दिसल्या. पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली, केस विस्कटलेले, चेहरा लाल. मेहुणा जागच्या जागी थिजला. आई येत होती, आणि तिच्याकडे बघताना त्याचे डोळे भरून आले.

"भाऊजी," तो हळू आवाजात म्हणाला, "मी तिला म्हातारी समजत होतो. ती नुसती पायी होती हो."

जन्मभर वेल्डरने दारं केली होती. दाराबाहेर पडणारं काही त्याच्या हातून झालं ते हे पहिलंच.

सासूबाई दारापाशी उतरल्या. पाय जमिनीला लागला आणि त्या पुन्हा डावीकडे कलल्या. मेहुण्याचा हात सवयीने त्यांच्या दंडाकडे गेला. मधेच थांबला. मग त्याने सायकल धरली, आणि आई भिंतीला धरून आपली आपण पायरी चढली.

टेम्पोवाल्याने विचारलं, "साहेब, ट्रंक आधी चढवू का?"

मेहुण्याने ऐकलंच नाही. खाली बसून तो ब्रेक दाबून बघत होता. "आई," त्याने आत हाक मारली, "दवाखान्याकडचा उतार मोठा आहे. रोज जाणार आहेस, ब्रेक नीट लागतात ना?"